विधवा शेजारणीच्या बाळंतपणासाठी जकात चालेल का?

हो, चालते. जकात म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेलं वार्षिक दान, आणि कुरआनातल्या सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत गरीब, गरजू आणि कर्जबाजारी हे जकातीचे हकदारच आहेत. हनफी मसलकात (सुन्नी मुसलमानांच्या एका धर्मविधी-परंपरेत) तिचे दागिने आणि शिल्लक मिळून, कर्ज वजा जाता, ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीखाली हवेत. इथेच घोळ होतो: ही मर्यादा साडेबावन्न तोळ्यांची, पण तोळा जुना ११.६६४ ग्रॅमचा, सराफाचा आजचा १० ग्रॅमचा नव्हे. पैसे तिच्याच हातात द्या. तिला न विचारता दवाखान्याचं बिल परस्पर भरलंत तर जकात अदा होत नाही. ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही, मनात नियत पुरे. त्या माउलीला संकोच कशाला? स्वतःची आई, मुलगी, बायको यांना मात्र जकात देता येत नाही. बहिणीला, सुनेला येते.