चौकोनातून गोल होत वळणारा पाइप: स्वीप की लॉफ्ट?

प्रश्न: सॉलिडवर्क्समध्ये (त्रिमितीय डिझाइनचं सॉफ्टवेअर) चौकोनी तोंडाचा डक्ट ९० अंशांत वळवून दुसऱ्या टोकाला गोल करायचा आहे. लॉफ्ट केला की पीळ पडतो. स्वीप वापरू का?

उत्तर: नको. स्वीप म्हणजे एकच छेद एका मार्गावरून ओढत नेणे. तुमचा आकारच बदलतोय, म्हणून लॉफ्टच हवा (वेगवेगळे छेद जोडून मधला आकार भरणे), पण सेंटरलाइनसकट.

पीळ पडण्याचं कारण साधं आहे. चौकोनाला चार कोपरे, वर्तुळाला एकही नाही. मग कुठला कोपरा वर्तुळावर कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं, आणि बऱ्याचदा चुकीचं ठरवतं. वर्तुळाचे स्केचमध्येच चार समान कंस करा, तुकड्यांचे बिंदू कोपऱ्यांच्या समोर, म्हणजे ४५ अंशांवर ठेवा. प्रोफाइल (म्हणजे टोकांचे छेद) निवडतानाही दोन्हीकडे जुळणाऱ्या बिंदूजवळच क्लिक करा. (मी पहिल्यांदा कुठेही क्लिक केलं होतं, डक्टऐवजी जिलेबी मिळाली.) तरी पीळ राहिला तर कुठला बिंदू कुठे जोडलाय ते दाखवणारे हिरवे कनेक्टर बिंदू हाताने सरकवा.

मग वळणाची मध्यरेषा सेंटरलाइन म्हणून द्या, मधले छेद तिला काटकोनात राहतात. गाइड कर्व्ह (कडेचा आकार ठरवणारी वक्ररेषा) वापरलात तर त्याने प्रत्येक प्रोफाइलला खरंच स्पर्श केला पाहिजे. तिथे पिअर्स रिलेशन (स्केचचा बिंदू वक्ररेषेवरच बांधून ठेवणारं बंधन) लावा, नुसतं जवळ दिसणं पुरत नाही.

वळण फार आवळू नका. ६० मिमी व्यासाला मध्यरेषेची त्रिज्या २५ ठेवली तर आतली बाजू स्वतःलाच छेदते आणि फीचर (म्हणजे लॉफ्ट) फसतं. स्वीपलाही हेच लागू.

पत्र्यातून बनवायचा असेल तर मात्र साधा लॉफ्ट सपाट उलगडणार नाही, पत्र्याच्या कामासाठीचा लॉफ्टेड बेंड बघा.