वंशावरचा विनोद करण्याआधी

स्टेजवर नवा आहेस म्हणून सांगतो. वंशावरच्या विनोदाला मागच्या रांगेतले आजोबा खो-खो हसतात आणि पुढची विशीतली पोरगी हाताची घडी घालून बसते. लगेच ‘हल्लीच्या पोरांना विनोदच कळत नाही’ म्हणू नकोस. मीही कितीतरी दिवस हेच बरळायचो. शब्दही म्हातारे होतात रे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेच्या अर्जावर ‘नीग्रो’ हा शब्द होता, कारण काही वयस्कर कृष्णवर्णीय स्वतःला तसंच म्हणवत. तरुणांना तो खुपला आणि २०१३ मध्ये तो वगळायचं जाहीर झालं. आजोबांच्या तोंडी सवय असेल. तुला ती सबब नाही. उच्चारांची टिंगल तर आधी काढूनच टाक. मग ज्या वंशावर विनोद आहे, त्या वंशाचा माणूस पहिल्या रांगेत बसलाय असं समजून उरलेली प्रत्येक ओळ तालमीत म्हणून बघ. आवाज अडखळला, तर खोड.