तळ्यात उतरण्याआधी पाणी बघ

भावा, विहिरीत पोहायला शिकलास, आता तळ्यात उतरायचं म्हणतोस, चांगलंच आहे. पण हिडकलचा जलाशय असो की गावचं तळं, आधी काठावर दोन मिनिटं थांब. उन्हाळ्यात पाणी तापतं, हलत नाही, त्यात शेतातलं खत नि गटारातलं पाणी उतरलेलं. मग नील-हरित शैवाल माजतं. हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसतो. काठी घालून बघ. केसांसारखे धागे वर आले तर बहुतेक साधं शेवाळ. काठीला रंगासारखं लागलं तर कपडे काढूच नकोस. वारा ज्या काठाकडं वाहतो तिथं ते जास्त साचतं.

सगळंच विषारी नसतं, पण डोळ्यांना फरक कळत नाही. त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृताला इजा करतं, आणि पाणी उकळलं तरी जात नाही. पोरं पोहताना पाणी गिळतात, कुत्री अंग चाटतात, त्यांना मी आधी मागं ओढतो. चुकून उतरलासच तर लगेच स्वच्छ पाण्यानं साबण लावून आंघोळ कर. उलटी, जुलाब झाले किंवा अंगाला पुरळ उठलं, तर तळ्यात पोहलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांग.