सहा लिटर पाणी पिऊनही पायात गोळे का आले?

राम कृष्ण हरी. वारीच्या पुणे-सासवड टप्प्यात दिवसभरात सहा लिटर पाणी प्यायलात, तरी दिवेघाट चढल्यावर मळमळ, डोकं जड आणि रात्री पोटऱ्यांत गोळे. अजून किती प्यायला हवं होतं, हा तुमचा प्रश्न. मला वाटतं, पाणी भरपूर झालं होतं, मीठ नव्हतं.

दिवसभरात काय खाल्लंत ते तुम्हीच लिहिलंय: दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, चहा. हा टप्पा बहुतेक वर्षी योगिनी एकादशीच्या आसपासच येतो, त्यामुळे अनेकांचा उपवास असतो. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं (सदऱ्यावर संध्याकाळी पांढरे पट्टे उमटतात ना, तेच), आणि तुम्ही भरून काढलंत नुसतं पाणी. गोळे यायला दमलेल्या पोटऱ्याही पुरतात, पण मळमळ आणि डोकेदुखी सोबत असली की मला रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, उतरल्याची शंका येते. फार उतरलं तर माणूस बरळतो, झटके येतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. धावून वजन घटायच्या ऐवजी वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांत, हा त्रास अधिक होता.

आमच्या दिंडीत मात्र उलटंच जास्त दिसतं. बायका पाणी पीतच नाहीत, कारण वाटेत आडोसा नसतो. मग उन्हाळी लागते, लघवी गडद आणि थोडीशी होते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगातलं पाणी घटलं की रक्तही कमी पडतं. मग हृदयाला जास्त पळावं लागतं आणि कातडीकडे रक्त कमी गेल्याने आतली उष्णता बाहेर पडत नाही. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटर गेलं तरी चाल जड होते. म्हाताऱ्यांना तर तहानच नीट कळत नाही. त्यांच्या हातात दर विसाव्याला पेला द्यावा, विचारत बसू नये.

मी वडकीला घाटाआधी मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घेतो. उपवासाला सैंधव चालतं, तेही मीठच. जुलाब असतील तर मात्र ओआरएसच. लहान आतड्यात साखर सोडियमला सोबत घेऊन आत शिरते आणि मागोमाग पाणी जातं, एवढीच त्यातली किमया. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटरमध्येच घाला, पेल्यात चिमूट-चिमूट नको. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडासाठी गोळ्या चालू असतील, तर मीठ-पाण्याचं माप निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि चालता चालता कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.