जपाच्या वहीतला खाडा

"मॅडम, रिटायर झालो, आता म्हटलं देवाचं करू, तर त्यातही मन लागत नाही. माझ्यातच काही कमी आहे का हो?" समुपदेशक म्हणून हे इतक्यांदा ऐकलंय की समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. कोणी ज्ञानेश्वरीचं पारायण तिसऱ्या-चौथ्या अध्यायात सोडलेलं असतं, कोणी इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना करून आलेलं असतं आणि घरी आल्यावर पुन्हा तीच चिडचिड, कोणाला हरिपाठ म्हणताना पेन्शनचा फरक आठवतो. आणि प्रत्येकाला वाटतं बाकी सगळ्यांना जमतंय, मी एकटाच कोरडा.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काका जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते, ५८ ला रिटायर झाले. पहिलं वर्ष घराचं काम आणि मुलीच्या लग्नात गेलं, मग सकाळ खायला उठायला लागली. मेव्हणे म्हणाले जप करा. काकांनी केला, पण तोही लेखा विभागाच्या पद्धतीने! वही, तारीख, माळा किती, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. वही ते माझ्याकडे घेऊनच आले होते, सगळं लाल शाईत: "लक्ष नव्हते." "घाई केली." "असमाधानकारक."

मी विचारलं, "ऑफिसात तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहायचं?"

"साहेब."

"आता कोण लिहितं?"

काका वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीच की. आणि साहेबांपेक्षा खडूस लिहितोय."

इथे बरेच जण हसून मोकळे होतात आणि घरी जाऊन पुन्हा शेरे मारतात, काकांनीही मारले. खरी गाठ सुटली ती नंतर, वही चाळताना मला नोव्हेंबरातली एक ओळ दिसली तेव्हा. तिथे नुसतं लिहिलं होतं, "खाडा."

"या दिवशी काय झालं?"

"काही नाही हो, शेजारच्या आजींना बँकेत घेऊन गेलो होतो, हयातीचा दाखला द्यायचा होता त्यांना, फॅमिली पेन्शन आहे. मशीनवर अंगठाच उमटेना त्यांचा, मग मॅनेजरकडे गेलो, फॉर्म भरून घेतला, दोन वाजले. आजी बाहेर आल्यावर माझा हात धरून रडल्या, आम्ही तिथेच पायरीवर बसून चहा प्यायलो." हे सांगताना काकांचा आवाज बदलला होता, त्यांच्या लक्षात नसेल पण माझ्या आलं. "जप राहिला मग त्या दिवशी."

"म्हणून खाडा?"

काका बराच वेळ गप्प. मी मुद्दाम काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असते आणि मला ती आता जमते. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली होती."

मी विवेकनिष्ठ विचारांची. या उपचारपद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगायचे, कामाला खुशाल मार्क द्या पण माणसाला देऊ नका. ते स्वतः नास्तिक होते त्यामुळे जपाच्या केसमध्ये त्यांना ओढायची मला गंमत वाटते, पण मुद्दा तोच. काकांची अडचण जप नव्हतीच, तीस-पस्तीस वर्षं कामावरून स्वतःची किंमत ठरवायची सवय होती, काम संपलं तेव्हा त्या सवयीने देवालाच काम करून टाकलं. सावता माळी पंढरपूरच्या इतके जवळ अरणला राहून मळा सोडून गेले नाहीत अशी परंपरा आहे, आणि विठ्ठलाची पालखी आजही अरणला त्यांना भेटायला जाते. हे आपण कौतुकाने सांगतो आणि स्वतः भाजी निवडताना मात्र म्हणतो, देवाचं काही झालं नाही आज.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, मन भटकलं तर भटकू द्या, सगळ्यांचंच भटकतं, फक्त त्यावरून "मी असाच" हा निकाल देऊ नका. जप आवडत असेल तर करा, नसेल तर नका करू. रात्री एवढंच आठवा की आज कुठल्या वेळी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. तिथे तुमचं काहीतरी आहे, ते उद्या थोडं जास्त करा. मात्र दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटतंय, झोप-भूक गेलीय, जगणं नकोसं वाटतंय, तर हे अध्यात्माचं प्रकरण नाही, डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

काकांनी वही ठेवलीय, शेऱ्याचा रकाना बंद केला. माळा कधी होतात, कधी नाही. नोव्हेंबरात सोसायटीतले चार-पाच जण दाखल्यासाठी त्यांनाच शोधत येतात. मेव्हण्यांचं मात्र ठाम मत आहे की मॅडमनी दाजींचा जप मोडला.