भिशीचे पंधरा हजार आणि जाऊबाईंच्या घरी न पोचणारं वायफाय

ताई नमस्कार. तुमचा मेसेज वाचला, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचं घर शुक्रवार पेठेत, जुनं, दगडी भिंतींचं, आणि बोळाच्या पलीकडं साधारण चाळीस फुटांवर दिरांचं नवीन घर. नेटचं कनेक्शन मिस्टरांच्या नावावर तुमच्या घरात, ९९९ चा प्लॅन, दोन्ही घरं त्यावरच चालतात, जाऊबाई महिन्याला पाचशे देतात आणि एखाद्या महिन्यात ते राहूनही जातात. पुतणी पुढच्या वर्षी मे मध्ये नीटची (मेडिकल प्रवेशाची) परीक्षा देणार, म्हणजे अजून चौदा महिने, तिचे ऑनलाइन क्लास संध्याकाळी असतात आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ अडकतो. दुकानदारानं १४,४०० चा तीन डब्यांचा मेश सेट (म्हणजे ठिकठिकाणी डबे ठेवून एकच वायफाय लांबवर पोचवायचं) सांगितलाय, रोख जमत नसेल तर सहा महिने २,४०० चे नो कॉस्ट हप्ते. तुमची भिशी नुकतीच लागलीय, पंधरा हजार हातात आहेत. तर घेऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

सरळ सांगतो, घेऊ नका. जाऊबाईंच्या घरी त्यांच्याच नावावर वेगळं लहान कनेक्शन घ्या आणि तुमचा ९९९ चा प्लॅन खाली आणा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी भिशीचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथंच वाटली. बारा जणींची भिशी, महिन्याला १,२५० आणि तुमचा नंबर तिसऱ्याच महिन्यात लागला. म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत भरलेत ३,७५० आणि हातात आलेत १५,०००. मधले ११,२५० तुमचे नाहीत ताई, ते बाकीच्या अकरा जणींनी तुम्हाला बिनव्याजी वापरायला दिलेत आणि पुढचे नऊ महिने तुम्हाला ते फेडायचेत. शेवटच्या महिन्यात जिला भिशी लागते तिची ती बचत असते, सुरुवातीला जिला लागते तिच्यासाठी ते कर्जच असतं, फक्त व्याज नसल्यामुळं ते तसं वाटत नाही. भिशीच्या बायका रोजच्या ओळखीतल्या असतात, एक हप्ता चुकला तरी गल्लीत तोंड दाखवायची चोरी होते, त्यामुळं हे पैसे माझ्या लेखी फार जपून वापरायचे पैसे आहेत. त्यात मिस्टर फाउंड्रीत आहेत, तुम्हीच लिहिलंय की ऑर्डर कमी झाल्या की पहिला ओव्हरटाइम जातो, आणि अडीअडचणीला बाजूला ठेवलेले फक्त वीस हजार आहेत. अशा घरानं ११,२५० ची देणी डोक्यावर असताना १४,४०० चे डबे आणू नयेत असं मला मनापासून वाटतं. हप्त्यावर घेतलं तरी भिशीचे १,२५० आणि मेशचे २,४०० मिळून महिन्याला ३,६५० सहा महिने जाणार, आणि मध्ये जून येतोय, शाळेची फी, वह्या, दप्तरं सगळं एकदम. आणि नो कॉस्ट म्हणतात त्यातही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, बँकेच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि रोखीला जी सूट मिळाली असती ती जाते, ते दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

आता प्लॅनचा हिशोब, हा मात्र कागद पेन घेऊन बसा. ९९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की तुम्ही महिन्याला भरताय १,१७९. एवढा मोठा प्लॅन तुम्ही का घेतला तर दोन घरांना पुरावा म्हणून. तुमच्याच कंपनीचा तुम्ही पाठवलेला ३९९ चा, ३० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या स्पीडचं माप) प्लॅन जीएसटी धरून पडतो ४७१. दोन्ही घरांनी एकेक तसा घेतला तर दोघांचं मिळून ९४२, म्हणजे आजच्यापेक्षा महिन्याला २३७ कमी. चौदा महिन्यांत तीन हजार तीनशेच्या वर वाचले, उलट मेश घेतला तर १४,४०० गेले आणि १,१७९ चं बिल होतं तसंच चालू. हे गणित बघितल्यावर माझ्या मनात तरी शंका उरली नाही.

तीस एमबीपीएस पुरेल का असं विचाराल. क्लासचा चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ चार-पाच एमबीपीएसमध्ये आरामात चालतो, त्यामुळं एका घरात एक क्लास, एक टीव्ही, दोन मोबाईल एवढं सहज निघतं. तुमच्याकडं मुलं आणि टीव्ही दोन्ही जोरात असेल आणि ३० कमी वाटलं तर तुम्ही ६९९ चा घ्या, तो जीएसटीसकट ८२५, मग दोन्ही घरांचं मिळून १,२९६ होतं, आजच्यापेक्षा ११७ जास्त, चौदा महिन्यांत सोळाशे-साडेसोळाशे. तरीही मेशच्या जवळपासही नाही. हां, ९९९ च्या प्लॅनबरोबर जे ओटीटी फुकट आलेत ते जातील, त्याचा घरात थोडा आरडाओरडा होईल, तो तुम्ही सांभाळा.

मेश वाईट असतो असं मी म्हणत नाही. तीन मजली स्लॅबचं घर आहे, बांधतानाच वायर ओढून ठेवलीय, मालक घरूनच काम करतो, तिथं मेश एकदम योग्य. तुमच्याकडं दीड फुटाची दगडी भिंत, मग बोळ, मग समोरच्या घराची भिंत आहे. मेशचे डबे आपापसात बोलतात तेही वायफायवरच, आणि जास्त स्पीडचा ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतीतून फार पडतो, २.४ गीगाहर्ट्झवाला जरा लांब जातो पण त्याचा स्पीड कमी आणि पेठेत प्रत्येक घरात राउटर असल्यामुळं त्याच्यावर गर्दी लय. म्हणजे एवढे पैसे घालूनसुद्धा पलीकडं नीट चालेलच याची खात्री दुकानदार देणार नाही, विचारून बघा, लिहून देतो का. पंधराशेच्या रिपीटरचंही तेच, त्याच्यापाशी जो कमजोर सिग्नल येतो तोच तो पुढं ढकलतो, आणि स्वस्तातला एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा असला की स्पीड साधारण निम्म्यावर येतो. मोबाईलवर दांड्या फुल्ल दिसतात आणि क्लास तरीही अडकतो.

भावानं सुचवलंय तसं सरळ लॅनची वायर बोळावरून ओढायचं मात्र अजिबात करू नका. वायर शंभर मीटरपर्यंत चालते हे खरं, पण दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं आणि तांब्याची वायर उघड्यावरून नेली की जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडची यंत्रं जाऊ शकतात. आपल्याकडं एप्रिल-मे मधला वळीव कसा कडाडतो ते तुम्हाला सांगायला नको. राउटरबरोबर टीव्ही, लॅपटॉप गेला तर तो खर्च कोण देणार, तुम्ही की दीर?

काचेच्या फायबरला विजेची ती भीती नसते, आणि घराबाहेर बसवायची एकमेकांकडं तोंड करून लावलेली वायरलेस यंत्रांची जोडी असते तीही चांगली चालते. पण ती मी कुणाला सांगतो, तर करवीर तालुक्यात मळ्यात घर आहे, तिथवर कुठल्याच कंपनीची फायबर येत नाही आणि गावातल्या घराच्या गच्चीवरून मळ्यातलं घर स्वच्छ दिसतं, अशांना. तिथं दुसरा रस्ताच नसतो त्यामुळं ते पैसे वसूल होतात. शुक्रवार पेठेत दारात फायबर असताना तो खटाटोप कशाला.

अजून एक, कनेक्शन मिस्टरांच्या नावावर आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटीत ते ज्या पत्त्यावर दिलंय तिथंच वापरायचं असं असतं, आणि पलीकडच्या घरात कुणाचा पाहुणा, कुणाचा मित्र पासवर्ड घेऊन काय करतो याची पहिली विचारणा ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याकडंच येणार. जाऊबाईंना हे वाईट वाटेल का याची तुम्हाला काळजी दिसली. मला वाटतं उलटं होईल. आज त्या पाचशे देऊन अडकणारं नेट वापरतात, उद्या ४७१ मध्ये स्वतःचं मिळेल आणि महिन्याअखेरी तुम्हाला पैसे मागायची, त्यांना द्यायची अडचणही राहणार नाही. हिशोब त्यांच्यापुढं मांडा, तुम्ही नेट बंद करताय असं वाटू देऊ नका.

आता कामाला लागायचं ते असं. नवीन कनेक्शन लागेपर्यंत तुमचा राउटर स्वयंपाकघरात लोखंडी कपाटामागं आहे तो तिथून काढा, माडीवर बोळाकडच्या खिडकीत ठेवा, कंपनीचा माणूस फायबर लांबवून देतो, त्याला काही शे रुपये लागले तर लागू देत. रात्री आठ-नऊला पलीकडं जाऊन मोबाईलवर स्पीड बघा. एवढ्यानंच क्लास नीट चालला तर आणखी काही घ्यायची गरजच नाही, मग फक्त पासवर्ड कुणाकुणाकडं आहे ते बघा. नाही चाललं तर जाऊबाईंचं कनेक्शन सहा महिन्यांचं भरून घ्या, साधारण २,८२५ होतात, एकदम भरलं की जोडणीचे पैसे बऱ्याच कंपन्या सोडतात, ते आधी विचारा. वर्षाचं भरू नका, सर्व्हिस कशी निघते ते कळू दे. त्यांचं चालू झालं, पुतणीचा आठवडाभर क्लास न अडकता झाला की मगच तुमचा प्लॅन कमी करा, तो बहुतेक पुढच्या बिलापासून लागू होतो त्यामुळं तारीख बघून अर्ज टाका.

भिशीतले ११,२५० आजच वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याचा हप्ता तिथूनच द्या. उरलेले ३,७५० तुमचे. त्यातून खर्च करायचाच असेल तर पुतणीच्या राउटरला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस घेऊन द्या, पावसाळ्यात लाईट गेली तरी क्लास चालू राहील. आणि सगळं झाल्यावर तुमच्या राउटरचा पासवर्ड बदला, नवीन पासवर्ड घरातल्यांनाच द्या.