पाऊस तेवढाच, मग पाणी कुठं गेलं?

मागच्या अंकात म्हटलं होतं की नद्या, तळी आणि बदलतं हवामान याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांचं पत्र इथं दिसत नाही त्यांनी रागावू नका, तुमचा प्रश्न बहुतेक कुठल्यातरी उत्तरात सापडेल.

प्रश्न : ताई, वर्षाच्या पावसाचा आकडा बघितला तर तीस वर्षांपूर्वी होता जवळपास तेवढाच आहे. तरी ओढा लवकर आटतो, विहिरीची पातळी लवकर खाली जाते. मग हवामान बदललं म्हणजे नक्की काय बदललं?

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. आपण पावसाची बेरीज बघतो, पण जमिनीला बेरजेशी काही घेणंदेणं नसतं, तिला पाणी कसं आणि कधी मिळालं यावर सगळं ठरतं. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. त्यामुळे होतं काय, की पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि मधल्या कोरड्या दिवसांत तीच हवा मातीतलं, तळ्यातलं, झाडांच्या पानांतलं पाणी जास्त जोरात ओढून घेते. १०० मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला काय किंवा पंधरा दिवस रिपरिप पडून तेवढाच झाला काय, पर्जन्यमापकाला फरक नाही, पण मातीला आहे. पाणी मुरायला वेळ लागतो आणि तो वेळच मिळत नाही, वरचा थर गच्च झाला की उरलेलं पाणी मातीसकट वाहून जातं. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे पाणी दिसतं ते खरंतर भूजल असतं, हळूहळू पाझरत आलेलं. मुरलंच कमी तर पाझरणार काय?

आणि पाण्यातल्या जिवांचं वेळापत्रक याच पाण्यावर बसवलेलं असतं हे आपण विसरतो. कित्येक मासे पहिल्या पुराच्या इशाऱ्यावर अंडी घालायला वर चढतात. पूर आला आणि चार दिवसांत ओसरला, तर काठच्या उथळ डबक्यांत घातलेली अंडी उघडी पडून वाळतात. ओढ्याच्या तळाशी अळीरूपात वाढणारे कीटक पाणी कोमट झालं की ठरलेल्या वेळेआधीच पंख फुटून उडून जातात, मग त्यांच्यावर पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्यांना ऐनवेळी खाणं अपुरं पडायची वेळ येते. एकूण पाण्यात घट नसतानाही हे सगळं होऊ शकतं. (उपसा वाढलाय तो वेगळा विषय, त्यावर खाली एक प्रश्न आहेच.)

प्रश्न : मी अकरावीत आहे. उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटे मरून वर तरंगताना पाहिले. सगळे म्हणाले कुणीतरी विष टाकलं असेल. फक्त पाणी गरम झाल्यामुळे मासे मरू शकतात का?

हो, मरू शकतात, आणि तू 'पहाटे' हा शब्द लिहिलास ते फार चांगलं केलंस कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. विषाची शक्यता मी इथं बसून नाकारू शकत नाही, त्यासाठी पाणी तपासावं लागतं, पण पहाटेची वेळ दिसली की मी आधी ऑक्सिजनचा विचार करते.

१० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे पाणी तापलं की साठाच कमी होतो. त्यात माशाचं शरीर थंड रक्ताचं, पाणी तापलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार जोरात चालायला लागतो आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. साठा कमी आणि मागणी जास्त, दोन्ही एकाच वेळी. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात तेव्हा निभावून जातं, पण रात्री ते बंद होतं आणि वनस्पती, मासे, तळाचा गाळ कुजवणारे जिवाणू सगळेच श्वास घेत राहतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात खाली गेलेला असतो. मासे पाण्याच्या वर तोंड काढून गपागप करताना दिसले तर समजायचं की ते गुदमरतायत.

खोल तळ्यांत अजून एक गोष्ट होते. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. वाऱ्याने किंवा थंडीने हे थर मिसळले तरच तळाला ऑक्सिजन आणि वरच्या थराला पोषकद्रव्यं मिळतात. उष्णता वाढली की हे झाकण जास्त महिने टिकतं. समशीतोष्ण पट्ट्यातल्या ३९३ तळ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १९८० पासून वरच्या पाण्यातला ऑक्सिजन साडेपाच टक्क्यांनी आणि खोल पाण्यातला जवळपास १९ टक्क्यांनी घटलेला दिसला. आफ्रिकेतल्या टांगानिका तळ्यात मिसळणंच मंदावलंय, त्यामुळे वर सूक्ष्म शेवाळ कमी आणि ते खाऊन जगणारे मासेही कमी.

आणि कधीकधी ऑक्सिजनपर्यंत गोष्ट जातच नाही, नुसती उष्णताच मारते. २०२३ च्या दुष्काळात ॲमेझॉन खोऱ्यातल्या तेफे तळ्याचं पाणी इतकं उथळ झालं की ते ३९ अंशांच्या वर गेलं आणि शंभराहून जास्त नदी-डॉल्फिन मेले. डॉल्फिन तर हवेत येऊन श्वास घेतात, तरी मेले. ते फोटो मला अजून नीट बघवत नाहीत.

प्रश्न : हिमनद्या वितळतायत म्हणजे नद्यांना पाणी वाढणारच ना? मग टंचाईची भीती कशाला?

वाढतंय, पण काही काळापुरतं. साठवलेली ठेव मोडून खर्च केला तर हातात पैसा जास्त दिसतो तसं आहे हे. २००० ते २०१९ मध्ये जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावलं, आणि यात ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचे मोठे हिमस्तर धरलेले नाहीत. वितळपाणी आधी वाढत जातं, एका शिखराला पोचतं आणि मग बर्फच कमी उरल्यामुळे घटत जातं. लहान हिमनद्यांच्या बऱ्याच खोऱ्यांत ते शिखर येऊन गेलंय. बोलिव्हियातली चाकालताया हिमनदी २००९ पर्यंत पूर्ण संपली. सगळ्यात जास्त फटका बसतो तो कोरड्या महिन्यांत, कारण पाऊस नसताना नदीला आधार याच पाण्याचा असतो.

प्रश्न : तळ्यावर हिरव्या रंगासारखा तवंग येतो. पाणी उकळून घेतलं तर चालेल का?

नाही, कृपा करून नको. हा तवंग बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात. उकळल्याने ते विष जात नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ईरी सरोवरावर असाच तवंग आला तेव्हा टोलेडो शहराच्या चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका असं सांगावं लागलं होतं. शेतातलं खत आणि सांडपाणी हे त्याचं अन्न, आणि कोमट, संथ पाणी त्याला फार मानवतं. जनावरांनाही तिथं पाणी पाजू नका.

प्रश्न : सगळं हवामानबदलाच्या माथी मारून मोकळं व्हायचं का? धरणं, उपसा, प्रदूषण यांचं काय?

तुमचा राग मला पटतो. मध्य आशियातला अरल समुद्र (नावाला समुद्र, खरंतर प्रचंड तळं) आटला तो १९६० नंतर कापसासाठी त्याच्या दोन्ही नद्या वळवल्यामुळे, तिथं उष्णतेला पहिला आरोपी करणं चूक ठरेल. गोड्या पाण्यातल्या पाठीचा कणा असलेल्या (मासे, बेडूक वगैरे) ज्या प्राण्यांवर जगभर लक्ष ठेवलं जातं त्यांच्या संख्येत १९७० ते २०२० या काळात सरासरी ८५ टक्के घट झाली, त्यामागेही अधिवास मोडणं, बांध घालणं, अतिमासेमारी, घाण पाणी हे सगळं आहे. आणि नद्या-तळी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा १ टक्काही नाहीत, तरी माशांच्या जवळपास निम्म्या जाती त्यांच्यातच राहतात, म्हणून प्रत्येक घाव तिथं जास्त लागतो.

पण ही कारणं वेगवेगळ्या खात्यांत टाकता येत नाहीत हो. ओढ्याच्या काठची झाडं तोडली तर सावली जाते आणि त्यात हवा तापलेली. बांध घातला तर गार पाण्याकडे जायची माशाची वाट बंद, आणि आता त्याला तीच वाट हवी आहे. यातला मला थोडा दिलासा वाटणारा भाग असा की काठची झाडं, पुराची मोकळी जमीन, पाणथळ जागा, खताचा आवर, हे आत्ता हातात घेता येतं आणि त्याने उष्णतेचा मार खरोखर सौम्य होतो. पण हे केलं म्हणून हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कमी करायची गरज संपत नाही, दोन्ही लागणार.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रोज नदीकाठी फिरायला जाते. माझ्यासारखीने काही नोंदवलं तर त्याचा उपयोग होईल का?

बाई, होईल, आणि खूप होईल. जपानमधल्या सुवा तळ्याकाठच्या देवळाचे पुजारी तळं कधी गोठलं ते १४४३ पासून लिहीत आलेत. त्यांनी ते वेगळ्याच श्रद्धेने लिहिलं, पण तळं न गोठण्याचे हिवाळे किती वाढलेत हे आज जगाला त्या वह्यांमुळेच कळतं. त्यांच्याकडे थर्मामीटरसुद्धा नव्हता.

तुम्ही एक जागा ठरवा, वाहतं आणि सावलीतलं पाणी, आणि रोज त्याच वेळी हातभर खोल थर्मामीटर दोन मिनिटं धरून आकडा लिहा. एखाद्या न हलणाऱ्या दगडावर खूण करून पाणी तिच्या किती खाली आहे ते मोजा. प्रवाह तुटला तो दिवस, परत वाहता झाला तो दिवस, बेडकांचा पहिला आवाज, तवंग, मेलेले मासे, सगळं तारखेसकट लिहा. जागा बदलावी लागली तर तसं लिहा. आणि ज्या दिवशी जाणं जमलं नाही ती ओळ कोरी ठेवा, अंदाजाने आकडा भरू नका.